भोगीची सुट्टी कुणाच्या खात्यात? (सोलापूर, सिद्धेश्वरांच्या जत्रेचा गड्डा आणि पगारी सुट्ट्या)

कारकून | ९ डिसेंबर २०२४, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेश शिवणारं एक युनिट आहे, तिथं मी हिशेब आणि हजेरी बघतो. शिलाईखात्यात ४३ जण, निम्म्याहून जास्त बायका. गावात आमचंच दुकान आहे, तिथं १४ जण. मालक एक, हजेरीची रजिस्टरं दोन.

सुट्ट्यांचा कागद असा आमच्याकडे कधी नव्हताच. सण आला की आदल्या संध्याकाळी शेठ दारात उभे राहून सांगतात, "उद्या बंद." कधी "उद्या अर्धा दिवस." बायकांना पोळ्यांचं पुरण शिजत घालायचं की डबा भरायचा हे रात्री आठला कळतं. यंदा मी म्हटलं, वर्षाचा कागद करून टाकू. शेठ चटकन हो म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

२०२५ मध्ये भोगी सोमवारी १३ ला आहे, संक्रांत मंगळवारी १४ ला. शेठचा बेत असा की रविवारी १२ ला युनिट चालवायचं, भोगीला बंद ठेवायचं, आणि ही भोगी वर्षाच्या सणाच्या सुट्ट्यांत एक म्हणून लिहायची. आमचे कटिंग मास्तर म्हणाले, "रविवार आमचा गेला तो गेला, वर सणाची सुट्टीपण आमचीच खर्ची पडली. म्हणजे आम्हाला मिळालं काय?"

मला मास्तरांचं पटतं. पण शेठपुढे नुसतं पटून चालत नाही, आधार लागतो. कुणाला माहिती असेल तर सांगा.

गड्डाकर | ९ डिसेंबर, रात्री ११:०५

काय बोललालाव कारकूनसाहेब! सोलापुरात राहून भोगीला काम? जत्रेत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडताना माणूस मशीनवर बसणार होय? आमच्याकडं त्या दिवशी सुट्टी दिली काय अन् नाही दिली काय, माणूसच येत नाही. मालकानं बंद ठेवलं तर त्याचा मान राहतो, एवढंच.

शिवाय कॅलेंडरात लाल आकडा आहे ना? मग सुट्टी ती सुट्टी. विषय संपला.

काळाकोट | १० डिसेंबर, सकाळी ७:५०

लाल आकड्यानं विषय संपत नाही हो, तिथंच सुरू होतो. सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी यादी काढतं, ती पराक्राम्य संलेख अधिनियम १८८१ (चेक-हुंड्यांचा कायदा) च्या कलम २५ खाली. तिचा संबंध बँका आणि सरकारी कचेऱ्यांशी. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात ती सरकारी कार्यालयांपुरती. खाजगी मालकाला त्या यादीनं बांधलेलं नाही. दादरा नगर हवेलीतल्या एका सुट्टीवरून मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण गेलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सार्वजनिक सुट्टी मिळणं हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, तो सरकारच्या धोरणाचा भाग आहे.

आता कारकूनभाऊ, तुमची दोन रजिस्टरं वेगळीच राहू द्या, कारण कायदेही दोन आहेत.

दुकानाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ लागतो. दहा किंवा जास्त कामगार असले की तो पूर्ण लागू, तुमच्याकडे १४ आहेत. कलम १८ प्रमाणे वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. त्यातल्या चार कायद्यानंच नेमल्यात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. राहिलेल्या चार मालक आणि कामगार यांनी मिळून ठरवायच्या, आणि तेही वर्ष सुरू व्हायच्या आधी. म्हणजे तुम्ही डिसेंबरात विचारताय हे बरोबर वेळेवर आहे. ‘मिळून’ हा शब्द शेठना दोनदा वाचून दाखवा. आदल्या संध्याकाळी दारात उभं राहून सांगणं म्हणजे मिळून ठरवणं नव्हे. याशिवाय आठ किरकोळ रजा आणि २४० दिवस भरले की दर २० दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा. ती ४५ पर्यंत साठते. सणाच्या सुट्ट्या या रजेतून वळत्या करायच्या नाहीत.

शिलाई युनिटला कारखाने अधिनियम १९४८. त्यात आठवड्याची सुट्टी आहे, भरपगारी रजा आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे, पण सणाच्या किती सुट्ट्या द्यायच्या हे नाही. ते करारावर, स्थायी आदेशांवर (कारखान्याच्या लेखी सेवाशर्तींवर) आणि वहिवाटीवर चालतं.

शेठचा रविवारचा बेत मात्र आपल्या जागी कायदेशीर आहे. कलम ५२ प्रमाणे रविवारच्या आधी किंवा नंतर तीन दिवसांच्या आत पूर्ण दिवस सुट्टी दिली तर रविवारी काम घेता येतं. फलकावर आधी नोटीस लावायची, निरीक्षकाला कळवायचं, आणि सलग दहा दिवसांपेक्षा जास्त बिनसुट्टीचं काम होऊ द्यायचं नाही. सोमवार १३ तारीख त्यात बसते. पण मग ती सोमवारी आलेली साप्ताहिक सुट्टी झाली! तीच पुन्हा सणाच्या खात्यात कशी लिहिणार? एका रुपयात दोन उधाऱ्या फेडल्यासारखं आहे हे. मास्तरांचा हिशेब चोख आहे.

पूर्वभाग | १० डिसेंबर, सकाळी ९:१५

ताई, छान सांगितलंत. एक विचारतो. आमच्याकडे पीस रेटवर काम. नगावर पैसे. सुट्टी दिली म्हणजे त्या दिवशी शून्य. आमची माणसं म्हणतात, सुट्टी नको, माल द्या. अशा ठिकाणी ‘पगारी’ म्हणजे काय धरायचं?

काळाकोट | १० डिसेंबर, सकाळी ९:४०

रजेपुरतं सांगायचं तर कारखाने अधिनियमात उत्तर आहे. कलम ८०: रजेच्या लगेच आधीच्या महिन्यात ज्या दिवशी पूर्ण काम झालं, त्या दिवसांच्या कमाईची सरासरी. जादा कामाचे पैसे आणि बोनस त्यात धरत नाहीत. सणाच्या सुट्टीसाठी करारात हीच सरासरी लिहून घ्या. नाही लिहिली तर ‘सुट्टी दिली’ असं मालक म्हणेल, आणि घरी आलेला माणूस म्हणेल आज खाडा पडला.

चादरवाला | १० डिसेंबर, दुपारी १:२०

मालकांच्या बाजूनं कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. माझे २४ माग आहेत. कामगारांत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे सगळे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला की पूर्व भागातले निम्मे माग आपोआप थांबतात. दसऱ्यात तेलुगू बायकांची बतुकम्मा. कोजागरीला पोरं तुळजापूरला चालत जातात, पंचेचाळीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पाय सुजलेले, म्हणजे तोही दिवस गेला. मोहरम आहे, ईद आहे, १४ एप्रिल आहे, बसव जयंती आहे. आषाढीला जिल्ह्यात वारी येते. यातल्या कुठल्या चार निवडू? चौघं खूश केले की चाळीस नाराज.

आणि साहेब, माग बंद म्हणजे नुसतं बटण बंद नव्हे. मागावर चढवलेलं सुताचं बीम तसंच राहतं, निर्यातीची तारीख तशीच राहते, कर्जाचा हप्ता तर कुठलाच सण पाळत नाही. मालक दुष्ट असतो म्हणून आदल्या संध्याकाळी सांगत नाही. त्याला स्वतःलाच संध्याकाळपर्यंत माहीत नसतं की सूत येणार की नाही.

तरी मी एक गोष्ट करतो. चार सगळ्यांच्या, त्यावर दोन ज्याच्या त्याच्या. कुणी ईद घेतो, कुणी रथोत्सव, कुणी १४ एप्रिल. डिसेंबरात नाव लिहून द्यायचं, मग बदल नाही. त्या दिवशी सगळा कारखाना बंद होत नाही, पाच-सात माग थांबतात. या दोन कायद्यानं मागितलेल्या नाहीत, पण माझे खाडे कमी झाले.

कारकून | १० डिसेंबर, दुपारी २:०५

चादरवाले, हे ‘ज्याच्या त्याच्या दोन’ मी उचलतो. आमच्या शेठना तुमच्यासारख्याच कुणीतरी सांगितलेलं जास्त पटेल.

शुक्रवारपेठ | १० डिसेंबर, रात्री ८:३०

ईदवरून एक सुचवतो. यादीत तारीख लिहू नका, सणाचं नाव लिहा. एका ठिकाणी माझी ईदची सुट्टी कॅलेंडर बघून टाकली होती. चाँद दिसला एक दिवस उशिरा. तारखेला मी घरी, ईदला कामावर. साहेब म्हणाले, यादीत तर कालच होती. तेव्हापासून मी यादीवर स्वतःच्या हातानं लिहितो, ‘चंद्रदर्शनाप्रमाणे’.

गड्डाकर | १० डिसेंबर, रात्री ८:४५

शंभर टक्के. आमच्या भोगीचंही तेच. यंदा, २०२४ च्या जानेवारीत, संक्रांत १५ ला आली, भोगी १४ ला गेली. १३ लिहून ठेवलेले घरी बसले आणि खऱ्या अक्षतेला कामावर. आमचा एक दोस्त जत्रेत नंदीध्वजाच्या काठीला खांदा देतो. बाराबंदी घालूनच कारखान्यात हजेरी लावून आलता सकाळी. वॉचमन बघतच राहिला!

जुनीमिल | ११ डिसेंबर, सकाळी ६:३०

माझे वडील मिलमध्ये होते. सोलापूरला गिरणगाव म्हणायचे तो काळ. भोंगा झाला की सगळ्या पेठा एका वेळी जाग्या. वडील सांगायचे, गड्ड्याची सुट्टी कुणी ‘दिली’ असं आम्ही कधी म्हणतच नव्हतो. ती होतीच. तीस वर्षं जी गोष्ट होते ती मालकाची मेहेरबानी राहते का, हा माझा प्रश्न आहे. कारकूनभाऊंच्या युनिटमध्ये आजवर भोगीला काय व्हायचं, हे त्यांनी सांगितलंच नाही.

(जाता जाता: १२ जानेवारीला रविवारी युनिट चालू म्हणताय. तो आपल्या चार हुतात्म्यांचा दिवस. १९३१ साली त्याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा फासावर गेले. सकाळी दहा मिनिटं तरी पुतळ्यापाशी जायला सोडा म्हणावं.)

कारकून | ११ डिसेंबर, सकाळी १०:१०

काका, चांगलं विचारलंत. रजिस्टर काढून बघितलं. माझ्या आधीच्या कारकुनाच्या अक्षरातही भोगीला ‘बंद, पगारी’ असं आहे. मला सापडली ती पानं सलग अकरा वर्षांची. एकदाही त्याबदल्यात रविवार भरून घेतलेला नाही.

काळाकोट | ११ डिसेंबर, सकाळी ११:००

मग तुमचा खरा आधार हाच, ती अकरा पानं. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७, कलम ९-अ. चौथ्या अनुसूचीत ज्या बाबी आहेत त्यांत कामगारांच्या विरोधात बदल करायचा तर मालकानं २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या अनुसूचीत ‘वेतनासह रजा आणि सुट्ट्या’ आहे, आणि ‘रूढीनं चालत आलेली सवलत काढून घेणं’ हेही आहे. अकरा वर्षं बिनबदल्याची पगारी भोगी ही तशी सवलतच. आज ११ तारीख. शेठनी आजच नोटीस लावली तर गोष्ट वेगळी. कारकूनभाऊ, हे वाक्य शेठना वाचून दाखवू नका.

आणि भांडायला जाऊ नका. रजिस्टर उघडं ठेवा, बोट ठेवा, गप्प बसा. माझ्या अनुभवात अर्धे मालक तिथंच मानतात. नाहीच जमलं तर सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, पण ते शेवटी.

विडीवालीचीलेक | ११ डिसेंबर, दुपारी ४:२५

सगळ्यांचं वाचते आहे. माझी आई घरी विड्या वळते. तंबाखू-पत्ता कारखान्यातून आणायचा, हजारावर मजुरी. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा घरी वळणारीलाही कामगार म्हणतो. पण दिवाळीत कारखाना बंद म्हणजे पत्ता बंद, पत्ता बंद म्हणजे मजुरी बंद. तिच्यासाठी सणाच्या आधीचा आठवडा म्हणजे रात्री बारापर्यंत सूप मांडीवर. सुट्टीचे पैसे ती आधीच स्वतः वळून ठेवते. तुमच्या यादीच्या भांडणात तिच्या नावाचा रकानाच नाही, एवढं सांगायचं होतं.

पूर्वभाग | ११ डिसेंबर, सायंकाळी ५:००

ताई, आमच्याही घरी हेच आहे. रकाना नाही, खरं आहे.

होटगीरोड | ११ डिसेंबर, रात्री ९:५०

अवांतर, पण सणाचंच. आमच्याकडे दिवाळीला ‘बोनस’ म्हणून पाकीट मिळालं, पाच हजार. डिसेंबरात हातात आलेल्या पगारात हजार कापले. विचारलं तर म्हणे पाच हप्त्यांत फिटेल. गणपतीत दोनशे वर्गणी परस्पर कापली होती, तीही न विचारता. हे चालतं का?

काळाकोट | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

पाच हप्त्यांत फिटतं ती उचल हो, बोनस नव्हे. पाकिटावर झेंडूचं चित्र असलं म्हणून फरक पडत नाही. बोनस प्रदान अधिनियम १९६५ प्रमाणे, तुमची आस्थापना त्याखाली येत असेल, वर्षात निदान ३० दिवस काम केलं असेल आणि पगार महिना २१,००० च्या आत असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनस मिळालाच पाहिजे, तोटा असला तरी. कमाल २० टक्के. हिशेब महिना ७,००० वर किंवा किमान वेतनावर, यात जे जास्त त्यावर. नुसते सात हजार धरले तरी वर्षाचे सातेक हजार होतात. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा. दिवाळीला मालकानं खरोखर बोनसपोटी काही दिलं असेल तर तेवढं वजा होतं, पण दिलेलं परत कापून घेत असेल तर त्याला वजा करायलाही काही उरत नाही.

वर्गणी: वेतन प्रदान अधिनियम १९३६, कलम ७ मध्ये पगारातून काय काय कापता येतं ते दिलंय. मालकानं परस्पर ठरवलेली गणपतीची वर्गणी त्यात नाही. बाप्पाही असली घेणार नाही.

चादरवाला | ११ डिसेंबर, रात्री १०:३५

खंडेनवमीला मशीनची पूजा, नारळ आणि पेढे आमच्या खर्चानं असतात, हे नोंदवून ठेवा बुवा. नाहीतर सगळेच मालक एका सुपात.

कारकूनभाऊ, एक कामाची गोष्ट. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरलाच आहे. ती तुमची नेमलेल्या चारांतली. तेव्हा दसऱ्यावर आपली एक खर्च करू नका, ती दुसरीकडे वापरा. २६ जानेवारी रविवारी येतेय. त्याचं काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा, नंतर वाद नको.

कारकून | २८ डिसेंबर २०२४, रात्री ११:१५

उशिरा लिहितोय, वर्षअखेरीचा माल होता.

काळाकोट ताईंनी सांगितलं तसंच केलं. रजिस्टर उघडं ठेवलं आणि चहा पीत बसलो. शेठ दोन-तीन पानं मागे गेले, मग म्हणाले, "हे माझ्या वडिलांच्या वेळचं दिसतंय." मी गप्प. पाच मिनिटांनी म्हणाले, "भोगी भोगीसारखी राहू दे. पण १४ ला गड्ड्याचा होम असतो, त्या दिवशीही अर्धी माणसं येणार नाहीत, मग तो रविवार मी १४ साठी घेतो." मास्तरांना विचारलं. ते हसले, म्हणाले, हे चालेल. तशी नोटीस फलकावर लावली, निरीक्षकाकडे कळवलं. रविवारी सकाळी दहाला अर्धा तास हुतात्म्यांसाठी सुटायचं, हेही कागदात आलं. (जुनीमिल काका, हे तुमचं.)

चार ठरल्या: भोगी, रमजान ईद (चंद्रदर्शनाप्रमाणे), गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन. पाडवा आणि भाऊबीज शेठ तसेही बंदच ठेवतात, तेही लिहून घेतलं. त्यावर एक ज्याची त्याची. दोन मागितल्या होत्या, एकीवर आले. ११ जणींनी रथोत्सव लिहिलाय, नऊ जणांनी १४ एप्रिल. पीस रेटवाल्यांना आधीच्या महिन्याची सरासरी. शेठ इथं जरा अडले, पण लिहिलं. २६ जानेवारी रविवारी येते तिच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. ते सोडून दिलं.

कागदावर शेठची सही, मास्तरांची, दुकानातल्या दोघांची आणि शिलाईतल्या तिघींची. एकीनं तेलुगूत सही केली. शेठनी विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, माझं नाव.

विडीवालीचीलेक | २९ डिसेंबर, सकाळी ८:००

वा! तेलुगू सहीचं वाचून बरं वाटलं.

कारकून | १४ डिसेंबर २०२५, रात्री १०:००

धागा वर काढतोय. २०२६ चा कागद करायचा आहे, आणि मधल्या काळात बरंच हललंय. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकाने कायद्यातला दहाचा आकडा वीसवर न्यायचं ठरवलं. आमच्या दुकानात अजूनही १४ च. शेठनी बातमी वाचली आहे, मला कात्रण पाठवलं, खाली काही लिहिलं नाही. शिवाय २१ नोव्हेंबरपासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यात. मग ते ९-अ गेलं का?

काळाकोट | १५ डिसेंबर २०२५, सकाळी ७:३०

१९४७ चा कायदा गेला, पण ती तरतूद औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० म्हणून आली आहे. २१ दिवसच आहेत, अनुसूचीत सुट्ट्याही आहेत आणि रूढीची सवलतही. दुकानातले १४ जण वीसच्या आकड्यानं आठ सुट्ट्यांच्या हक्कातून बाहेर पडले, तरी तुमचा गेल्या वर्षीचा सह्यांचा कागद आहे ना? त्यात दुकानातल्या दोघांची सही आहे. तो जपा, त्याची झेरॉक्स दुकानातही ठेवा.

२०२६ साठी: १ मे आणि बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी आहेत. कुणी ज्याची त्याची म्हणून बुद्ध पौर्णिमा लिहीत असेल तर त्याला आधी सांगा, वाया जाईल.

कारकून | १५ डिसेंबर २०२५, दुपारी १:४५

झेरॉक्स काढली. दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलीय, शेठच्या बरोब्बर डोक्यावर.

गड्डाकर | १५ डिसेंबर २०२५, दुपारी २:००

ते सगळं झालं. अक्षतेला सम्मती कट्ट्यापाशी कोण कोण येणार ते सांगा. गेल्या वर्षी चादरवाल्यांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणतो म्हणून आणली नव्हती.